मोझगॉव्हला करीपेक्षा जास्त पगार कसा मिळाला?

जून २०१६. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अंतिम मालिका. एका बाजूला गोल्डन स्टेटचा स्टीफन करी. त्या हंगामात त्याने तीन गुणांचे ४०२ बास्केट टाकले होते, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकमताने मिळवणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला होता. दुसऱ्या बाजूला क्लीव्हलंडच्या बाकावर टिमोफे मोझगॉव्ह नावाचा सात फूट एक इंच उंचीचा रशियन बसलेला असायचा. 'बसलेला' हे मुद्दाम म्हणतोय, कारण त्या मालिकेत तो मैदानात जेमतेम उतरला.

मालिका संपली आणि दोन आठवड्यांत लॉस एंजेलिस लेकर्सनी मोझगॉव्हला ४ वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर कबूल केले. पुढच्या हंगामात मोझगॉव्हचा पगार होता १ कोटी ६० लाख डॉलर. करीचा होता १ कोटी २१ लाख.

त्या दिवशी मी हे वाचून हसलो होतो, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण हसले. दरवर्षी जुलै उजाडला की हा हशा पुन्हा ऐकू येतो. ३० जूनच्या संध्याकाळी तिकडे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो, तेव्हा आपल्याकडे १ जुलैचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. सकाळी चहा होईपर्यंत डझनभर आकडे येऊन पडलेले असतात आणि प्रत्येक आकड्याखाली तोच वाद चालू असतो: याला एवढे? आणि त्याला एवढेच? हा वाद घालायला हरकत नाही, पण तो घालायचा कसा हे ठाऊक असलं तर मजा वाढते. करी आणि मोझगॉव्हचं कोडंही मग आपोआप सुटतं.

मोकळा खेळाडू, पण कुंपणातला

फ्री एजंट म्हणजे ज्याचा करार संपला आहे आणि जो कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो असा खेळाडू. आज हे साधं वाटतं, पण एकेकाळी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क जुन्या संघाकडेच राहायचा. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन आणि खेळाडूंच्या संघटनेने लीगला कोर्टात खेचलं. तो दावा १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि दार किलकिलं झालं. ते सताड उघडायला १९८८ उजाडलं. त्या वर्षी टॉम चेंबर्स सिॲटल सोडून फिनिक्सला गेला आणि जुन्या संघाला त्याला अडवण्याचा काहीच अधिकार नव्हता. असा तो पहिलाच खेळाडू.

दार उघडलं, पण कुंपण आधीच घातलेलं होतं. त्याचं नाव सॅलरी कॅप, यापुढे नुसतं कॅप. संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची ही मर्यादा १९८४-८५ मध्ये ३६ लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये १५ कोटी ४६ लाख. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, तसाच हा प्रकार. फक्त या पर्सला चोरकप्पे फार. स्वतःचा जुना खेळाडू राखायला कॅप ओलांडता येते. ओलांडलेल्या संघालाही एखाद्या मधल्या फळीतल्या खेळाडूपुरती ठरावीक सूट मिळते. आणखी वर गेलात तर दंडासारखा कर बसतो. त्याच्याही वर, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारापासून, एक अशी रेषा आली आहे की ती ओलांडणाऱ्या संघाचे खेळाडूंची अदलाबदल करतानाचे हात जवळजवळ बांधले जातात.

आणखी दोन नियम लक्षात ठेवा, पुढे लागतील. एका खेळाडूला कमाल किती द्यायचे ते ठरलेलं आहे: अनुभवानुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. आणि संघाने किमान किती खर्च केलाच पाहिजे तेही ठरलेलं आहे: कॅपच्या ९० टक्के.

आता 'रास्त भाव' म्हणजे काय? घेणारा राजीखुशीने घेतोय, विकणारा राजीखुशीने विकतोय, दोघांनाही घाई नाही आणि दोघांना माल नीट ठाऊक आहे, अशा वेळी ठरेल तो भाव. वर सांगितलेले नियम पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, यातलं काय काय एनबीएत असतं?

डॉलर विसरा, टक्के बघा

पहिली सवय लावून घ्यायची ती ही. कराराचा आकडा दिसला की त्याला त्या वर्षीच्या कॅपने भागायचं. आजोबा तीनशे रुपयांत घर चालवायचे हे ऐकून आपण त्यांना गरीब ठरवत नाही, त्या वेळचा भाव विचारतो. इथेही तेच.

करीचा तो स्वस्त वाटणारा करार ऑक्टोबर २०१२ चा: ४ वर्षं, ४ कोटी ४० लाख डॉलर. आदल्या हंगामात घोट्याच्या दुखण्यामुळे तो जेमतेम २६ सामने खेळला होता आणि त्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली होती. कराराचं पहिलं वर्ष २०१३-१४. त्या वर्षी कॅप ५ कोटी ८७ लाख होती आणि करीचा पगार सुमारे ९९ लाख, म्हणजे कॅपच्या १७ टक्क्यांच्या आसपास.

आता मोझगॉव्ह. २०१६-१७ ची कॅप ९ कोटी ४१ लाख आणि त्याचा पगार १ कोटी ६० लाख. भागून बघा. सतराच टक्के!

म्हणजे घोट्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या होतकरू पोराला २०१२ मध्ये कॅपचा जो वाटा मिळाला, तोच २०१६ मध्ये एका धडधाकट, पण बाकावरच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, मिळाला. करीच्या कराराचे डॉलर चार वर्षं साधारण तेवढेच राहिले आणि वर कॅप भराभर चढली, म्हणून शेवटच्या वर्षी त्याचा वाटा १३ टक्क्यांवर आला. मोझगॉव्हचा करार तरीही महागच होता, तिकडे येतोच. पण दोन आकडे शेजारी ठेवून जो धक्का बसतो, त्यातला अर्धा नुसत्या तारखांचा आहे.

बदली कामगाराचा हिशोब

वाटा कळला, पण तो योग्य की अयोग्य हे कशावर जोखायचं? इथे आपल्या गिरणगावातला एक शब्द कामाला येतो: बदली. कायम कामगार आला नाही की गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगाराला साच्यावर घेत. साचा बंद पडत नसे, माल थोडा कमी निघे. कायम कामगाराची खरी किंमत म्हणजे त्याने काढलेला सगळा माल नव्हे. बदलीने काढला असता त्याच्या वर त्याने जेवढा काढला, तेवढीच त्याची किंमत.

बास्केटबॉलमधले आकडेतज्ज्ञ हेच करतात. किमान पगारावर केव्हाही मिळू शकणारा खेळाडू म्हणजे त्यांचा बदली. त्याच्यापेक्षा हा माणूस हंगामात किती जास्त सामने जिंकून देतो ते मोजायचं आणि एका विजयाचा भाव काढायचा.

आपणही एकदा ढोबळ भाव काढू. २०२४-२५ ची कॅप १४ कोटी ६ लाख डॉलर. प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, म्हणजे सरासरी संघ ४१ जिंकतो. समजा, पंधराच्या पंधरा बदली घेतले. त्यांना प्रत्येकी साधारण २१ लाख, म्हणजे एकूण सव्वातीन कोटींच्या आत, आणि असा संघ १० सामने जिंकेल असं धरू (हा १० माझा अंदाज, तुम्ही ८ धरा किंवा १२). उरलेले सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर खर्चून सरासरी संघ वरचे ३१ विजय विकत घेतो. एका विजयाला ३५ लाख डॉलर झाले.

तेव्हा बदलीपेक्षा ५ विजय जास्त देणारा खेळाडू पावणेदोन कोटी अधिक किमान पगार, म्हणजे जवळपास २ कोटींचा. मोकळ्या बाजारात प्रत्यक्ष भाव याहून चढाच असतो. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतून, आलेल्यांचे पगार नियमाने कमी ठेवलेले असतात, त्यांच्याकडून वाचलेला पैसा या बाजारात येतो.

पण ते '५ विजय' मोजायचे कसे? खरी मारामारी इथे आहे. गुण मोजणं सोपं, म्हणून लोक गुण मोजतात आणि फसतात. खराब संघात कोणीतरी चेंडू टाकणारच, तो वीस-बावीस गुण काढतो आणि संघ हरतो. त्यापेक्षा बरं माप म्हणजे हा मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे जातो आणि बाहेर बसल्यावर काय होतं ते बघायचं. त्यातही खोट आहे. शर्यतीच्या बैलजोडीत एक बैल तगडा असला की दुसराही नाव कमावतो. कोणता ओढतोय हे कळायला जोड्या बदलून पळवावं लागतं. संघ सामनाभर जोड्या बदलतच असतात, म्हणून हजारो तुकड्यांवर गणित मांडून एकेकाचा वाटा वेगळा काढता येतो. तरी उत्तर येतं ते ठोकळमानानेच. एक पद्धत म्हणेल ४ विजय, दुसरी म्हणेल ७. डॉलरमध्ये हा फरक एक कोटीचा झाला!

मी या गणितांना रेडी रेकनर समजतो. सरकारी दरपत्रकात तुमच्या गल्लीचा भाव लिहिलेला असतो. त्याच्या दुप्पट कोणी मागू लागला तर सावध व्हायचं, पण त्यावरून तुमच्या घरात ऊन किती येतं हे कळत नाही.

वर खिळा, खाली खिळा

आता हाच भाव लीगमधल्या सर्वोत्तम माणसाला लावू. निकोला योकिचला २० विजयांचा धनी मानलं तर हिशोबाने त्याचे होतात ७ कोटींहून जास्त. २०२४-२५ मध्ये त्याला मिळाले ५ कोटी १४ लाख. संघ कंजूस नव्हता, नियमात त्याहून जास्त बसत नव्हतं.

कमाल पगाराचा हा नियम १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर आला. त्याआधी काय व्हायचं? १९९७-९८ मध्ये शिकागोने मायकेल जॉर्डनला ३ कोटी ३१ लाख डॉलर दिले, आणि त्या वर्षी सबंध संघाची कॅप होती २ कोटी ६९ लाख. एकटा माणूस कॅपच्या १२३ टक्के. २०२५-२६ च्या कॅपवर ते १९ कोटी डॉलर होतील. त्या वर्षी करीचा पगार ६ कोटींच्या जरासा आत.

म्हणजे 'कमाल करार' मिळालेला अव्वल खेळाडू हा बाजारातला सगळ्यात स्वस्त माल असतो. आणि 'कमाल करार' मिळालेला बेताचा चांगला खेळाडू हा सगळ्यात महाग, कारण खिळा दोघांसाठी एकाच उंचीवर ठोकलेला. अव्वल चौघापाचांकडून वाचलेला पैसा कुठेतरी जायलाच हवा. तो मधल्या फळीत उतरतो. मधल्या फळीतले पगार बघून आपण नाकं मुरडतो, तो पैसा बऱ्याचदा वरच्यांच्या खिशात न गेलेला असतो.

२०१६ चा मार्चएंड

सरकारी कचेरीत मार्च महिन्यात काय चालतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. निधी ३१ तारखेला परत जाणार, म्हणून रंगवलेली भिंत पुन्हा रंगवली जाते. जुलै २०१६ हा एनबीएचा मार्चएंड होता.

झालं असं की ऑक्टोबर २०१४ मध्ये लीगने टीव्हीवाल्यांशी ९ वर्षांचा, २४ अब्ज डॉलरचा नवा करार केला. तो २०१६-१७ पासून लागू होणार होता. कॅप उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे ती एकदम फुगणार हे दिसत होतं. लीगने सुचवलं, टप्प्याटप्प्याने वाढवू. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. मग एका उन्हाळ्यात कॅप ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली, म्हणजे ३४ टक्क्यांची उडी.

सगळ्या संघांच्या हातात एकाच दिवशी पैसा. उरला तर पुढच्या वर्षी जमा होत नाही. शिवाय ९० टक्के खर्च केलाच पाहिजे. आणि बाजारात चांगले खेळाडू नेहमीइतकेच. वेतन आयोगाची थकबाकी सगळ्या कॉलनीला एकाच आठवड्यात मिळाली आणि गावात स्कूटरचं दुकान एकच असलं, तर शेवटच्या स्कूटरचा भाव काय होईल?

मोझगॉव्ह ही ती शेवटची स्कूटर. त्याच लेकर्सनी लुओल डेंगला ४ वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले, न्यूयॉर्कने जोकिम नोआला तेवढेच. मेम्फिसने माइक कॉनलीला ५ वर्षांचे १५ कोटी ३० लाख दिले, तेव्हाचा लीगमधला सगळ्यात मोठा करार, तोही वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही न निवडलेल्या माणसाला. आणि याच गर्दीत गोल्डन स्टेटने केविन ड्युरंटसारख्या अव्वल खेळाडूला आणलं. ते जमलं याचं एक कारण कॅपची उडी, आणि दुसरं म्हणजे करीचा तो १३ टक्क्यांवर आलेला पगार.

लीगने धडा घेतला. २०२३ च्या करारात कॅप वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असं लिहून घेतलं. म्हणून ११ वर्षांचा, ७६ अब्ज डॉलरचा पुढचा टीव्ही करार २०२५-२६ पासून लागू झाला तेव्हा कॅप बरोबर १० टक्केच वाढली.

कार्यालय रिकामं, पण मुहूर्त गेला

याच्या उलटही होतं. मे महिन्यातल्या दाट मुहूर्ताला मंगल कार्यालयवाला सांगेल ते भाडं. तेच कार्यालय, तेच पंखे, तीच भटारखान्याची बाजू, पण पुढच्या महिन्यात मुहूर्तच नसला तर निम्म्यात घ्या. कार्यालय बदललेलं नसतं.

डेनिस श्रोडरचं २०२१ मध्ये हेच झालं. लेकर्सनी त्याला ४ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाखांच्या आसपास देऊ केले आणि त्याने नाकारले, अशा बातम्या होत्या. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तो फिका पडला, लेकर्सनी रसेल वेस्टब्रुक आणला, आणि ज्या संघांकडे पैसा होता त्यांचे आपापले पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे खेळाडू, निवडून झाले. श्रोडरने बॉस्टनशी एका वर्षाचा करार केला, ५९ लाखांचा. काही महिन्यांत तो काही तेवढा वाईट खेळाडू झाला नव्हता. मुहूर्त गेला होता.

२०२५ चा उन्हाळा तर मुद्दाम अभ्यासावा असा. हातात भरपूर मोकळी कॅप असलेला संघ म्हणजे जवळपास एकटा ब्रुकलिन. त्यात अडकले रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. हे अर्धे मोकळे खेळाडू: बाहेरच्याने बोली लावली तर तेवढीच रक्कम देऊन जुना संघ त्यांना ठेवून घेऊ शकतो. वारसाहक्काच्या जमिनीत भावाबहिणींना खरेदीचा पहिला हक्क असतो, तसंच. अशा जमिनीला बाहेरचा गिऱ्हाईक सहसा हात लावत नाही. महिनाभर खटपट करायची आणि शेवटी भाऊ येऊन सही करणार!

गोल्डन स्टेटचा जोनाथन कुमिंगा सप्टेंबर संपत आला तरी लटकलेला होता. अखेर दोन वर्षांचा करार झाला, त्यातलं दुसरं वर्षही संघाच्या मर्जीवर. ब्रुकलिनच्या कॅम थॉमसची गंमत आणखी निराळी. आदल्या हंगामात दुखापतींमुळे २५ सामनेच खेळला, पण सामन्याला २४ गुण काढत. ज्या एका संघाकडे पैसा होता तोच त्याचा जुना संघ, मग बोली लावणार कोण? सुमारे ६० लाखांच्या एका वर्षाच्या करारावर त्याने सही केली.

थॉमसचे २४ गुण किती खरे यावर मघाच्या बैलजोडीचा वाद आहेच. पण गिऱ्हाईकच एक असेल तर निघालेल्या आकड्याला बाजारभाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

'दिले ना कोणीतरी? मग तोच भाव!'

हा आक्षेप हमखास येतो. बाजारात ज्याने मोजले त्याला परवडले, आपण कोण ठरवणार?

कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग खंडाने घेतात. दहा व्यापारी येतात, प्रत्येक जण किती पेट्या निघतील याचा अंदाज बांधतो. दहांच्या अंदाजांची सरासरी बहुधा ठीकच निघेल. पण बाग सरासरीवाल्याला मिळत नाही, ती मिळते सगळ्यात जास्त पेट्या धरणाऱ्याला. म्हणजे ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकण्याचा संभव, तोच जिंकतो. १९७१ साली एका अमेरिकन तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेच मांडलं, आणि त्याला 'विजेत्याचा शाप' असं नाव पडलं.

फ्री एजंटच्या बाजारात हा शाप रोज लागतो, आणि वर आणखी एक मेख असते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते गेल्या वर्षीच्या पिकावर, खायचं असतं पुढच्या चार वर्षांचं. तिशीजवळ आलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे जास्तच महागात पडतं.

तरी आक्षेपात तथ्य आहे. एखादा संघ जास्त मोजतो तेव्हा त्याला खरोखर जास्त गरज असू शकते. मायल्स टर्नर बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचे सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. टर्नर त्या पेसर्समधला. जून २०२५ मध्ये त्याने पेसर्सबरोबर अंतिम मालिका गाठली आणि जुलैत तो मिलवॉकीला गेला, ४ वर्षांसाठी १० कोटी डॉलरहून थोड्या जास्त रकमेवर. पहिल्या वर्षी कॅपचा साधारण सहावा हिस्सा. तीनचे फटके मारणाऱ्या आणि रिंगखाली भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या सेंटरला हा भाव मला तरी ठीक वाटतो.

पण ही झाली छापील किंमत. ती जागा करायला मिलवॉकीने टाचेमागचा स्नायुबंध तुटलेल्या डेमियन लिलार्डला करारातून मुक्त केलं. त्याचे उरलेले ११ कोटींहून जास्त डॉलर पाच वर्षांत विभागले. ही नियमातली सोय आहे. आता मिलवॉकीच्या कॅपवर दरवर्षी सव्वादोन कोटी अशा माणसाचे, जो तिथे खेळत नाही. टर्नरचा आणि हा आकडा एकत्र केला की पहिल्या वर्षी कॅपचा जवळपास तिसरा हिस्सा होतो. टर्नरला मिळाले ते रास्त. मिलवॉकीने मोजले ते रास्त होते का, हा प्रश्न वेगळा, आणि बहुतेक वादांत हे दोन प्रश्न एकमेकांच्या पायात येतात.

'पुढे दुखापत झाली, म्हणजे करार वाईट'

नाही. सही झाली त्या दिवशी जे माहीत होतं, त्यावर निकाल द्यायचा.

मेम्फिसने २०१६ च्या त्याच आठवड्यात दोघांना पैसे दिले. कॉनलीवर जग हसलं, त्याने चांगला खेळ केला. दुसरा चँडलर पार्सन्स, ४ वर्षं, ९ कोटी ४० लाख. तीन हंगामांत मिळून मेम्फिससाठी ९५ सामने. यात दैव किती आणि दोष किती? पार्सन्सचे आधीचे सलग दोन हंगाम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने संपले होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी दोष जास्त धरतो. पण मग करीचा घोटाही सगळ्यांना माहीत होता. गोल्डन स्टेटने त्या जोखमीची सूट भावात मागून घेतली, मेम्फिसने मागितली नाही. घोटा टिकला हे गोल्डन स्टेटचं नशीब, पण १७ टक्क्यांवर अडून राहणं हे त्यांचं शहाणपण.

'चेंडू टाकायला एवढे पैसे कशाला?'

हा प्रश्न आमच्या घरात दर जुलैला विचारला जातो. उत्तर असं की एका खेळाडूचा पगार वाढला म्हणून तिकीट महागत नाही. लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे करारात लिहिलेलं आहे. २०११ पूर्वी तो ५७ टक्के होता, आता ४९ ते ५१ च्या मध्ये. पगारांची बेरीज या वाट्याच्या वर जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पगारातले १० टक्के वर्षभर बाजूला ठेवतात आणि बेरीज वाढली तर त्यातून मालकांना परत देतात.

पंगतीत लाडू मोजून केलेले आहेत. एकाच्या पानात दोन जास्त पडले तर ते यजमानाच्या डब्यातून आलेले नसतात, शेजारच्या पानातून आलेले असतात. मोझगॉव्हला जास्त मिळाले ते इतर साडेचारशे खेळाडूंच्या वाट्याचे होते. करीचेही थोडे त्यात.

आणि जे मुद्दाम कमी घेतात?

जेलन ब्रन्सन २०२२ मध्ये न्यूयॉर्कला गेला, ४ वर्षं, १० कोटी ४० लाख. वडील त्याच संघात सहायक प्रशिक्षक झालेले, संघाचा अध्यक्ष घरोब्यातला. वशिल्याचा महागडा करार, असं खूप जणांनी लिहिलं. दोन वर्षांत तो लीगच्या पहिल्या दहा खेळाडूंत निवडला गेला. मग जुलै २०२४ मध्ये त्याने ४ वर्षांसाठी १५ कोटी ६५ लाखांवर सही केली. वर्षभर थांबला असता तर ५ वर्षांचे २६ कोटी ९० लाख मागता आले असते. कागदावर ११ कोटी ३० लाख सोडले. त्यात एक वर्ष कमी आहे, आणि लवकर मोकळा झाल्यावर तो पुढचा मोठा करार करू शकतो, हे धरलं तरी सोडलेली रक्कम लहान नाही. बदल्यात काय घेतलं? संघाला इतरांसाठी जागा. २०२५ मध्ये न्यूयॉर्क २५ वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचलं. याचा भाव कोणत्या रेडी रेकनरमध्ये बघायचा ते मला ठाऊक नाही.

शहराचाही भाव असतो. टेक्सस आणि फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात वरचा दर १३ टक्क्यांच्या पुढे. मायामीचा एक डॉलर आणि लॉस एंजेलिसचा एक डॉलर हातात पडेपर्यंत सारखे राहत नाहीत.

लॉस एंजेलिसवरून आठवलं. मोझगॉव्हचा करार गळ्यातून काढायला लेकर्सना वर्षभरातच त्याच्याबरोबर डिअँजेलो रसेल ब्रुकलिनला देऊन टाकावा लागला. रसेल म्हणजे दोनच वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. त्यातून जागा मोकळी होत गेली आणि जुलै २०१८ मध्ये लेब्रॉन जेम्स आला. डेंगला त्याच सप्टेंबरात मुक्त केलं, त्याचे उरलेले पैसे पुढच्या वर्षांत लांबवून. २०२० मध्ये लेकर्स विजेते झाले तेव्हा डेंग निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि संघाच्या कॅपवर त्याच्या नावापुढे अजून ५० लाख डॉलर लिहिलेले होते.